जर्मन मेंढक्या आणि आमचे खंडूआबा

माझी शाळा ज्या गावात आहे तिथल्या खंडूआबांचं जर्मनीतल्या एका तरुणाशी भांडण आहे. तरुण सिनेमातला आहे, सिनेमा परीकथेवरचा आहे, परीकथा आपल्या पणजोबांच्याही आधीची आहे, आणि परभणी जिल्हा नावाची काही चीज पृथ्वीवर आहे याचा त्या तरुणाला पत्ता नाही. हे सगळं मी आबांना तीन-चारदा समजावून सांगितलं. "मंग मी काय करू?" आबा म्हणतात. "चुकलं ते चुकलं. हाय का इन्साफ?"

'हाय का इन्साफ' हे त्यांचं नेहमीचं. नळाला पाणी आलं नाही तर हाय का इन्साफ, आणि आलं तर शेजाऱ्याकडे आधी का आलं, हाय का इन्साफ. एकदा देवगाव फाट्यावर त्यांनी एसटीच्या कंडक्टरला खाली उतरवून विचारलं होतं, की गाडीत जागा असताना त्यांच्या बोकडाला का घेत नाही. बोकडाचं अर्धं तिकीट द्यायला ते तयार होते. वय सत्तरीच्या पुढे, जन्म मेंढरं राखण्यात गेलेला, खांद्यावर बारा महिने घोंगडी, हातात स्वतःपेक्षा उंच काठी, आणि आवाज असा की पोखर्णीच्या रस्त्याला कुणी हाक मारली तर ओ हे घरातून देतात.

या जर्मन भांडणाचं खापर मात्र माझ्या डोक्यावर फुटलं, कारण सिनेमा मी दाखवला. शनिवारी आमच्या शाळेत पोरं दप्तर आणत नाहीत. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे. कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर हिंदीत आवाज भरलेला हा सिनेमा मिळाला आणि मी मोठ्या उत्साहाने लावला. नको ते सुचलं मला.

गोष्ट साधी आहे. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांचं लग्न ठरलेलं. बोलत बोलत ती रानात लांब जातात. तिथे एक म्हातारी चेटकीण राहते. ती मुलींचे पक्षी करते, पिंजऱ्यात कोंडते, आणि जवळ येणारा पुरुष जागच्या जागी खिळून जातो. मुलीचा बुलबुल होतो, मुलगा बघत उभा राहतो, चेटकीण पक्षी उचलून नेते. मग मुलगा परक्या गावात जाऊन मेंढरं राखतो. एक दिवस त्याला स्वप्नात लाल फूल दिसतं. तो नऊ दिवस फूल शोधतो, सापडतं, ते लावून मुलीला सोडवतो. संपलं. पोरं खूश.

आबा त्या दिवशी शाळेच्या कुंपणाची तक्रार घेऊन आले होते आणि खिडकीत उभे राहिले. तक्रार विसरले. सिनेमा संपला तेव्हा पोरं टाळ्या वाजवत होती आणि आबा खिडकीचे गज हलवत होते.

"गुर्जी, पयलं मला येक सांगा. नऊ दिवस हा फूल धुंडायला गेला. मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडली?"

मी म्हणालो, "आबा, ते दाखवलं नाही."

"दावलं न्हाई म्हंजी? लोकाची मेंढरं! हा चाकरीला हाय तिथं. नऊ दिवसात लांडग्यानं नऊ नेली असती. मालकाला सांगितलं का? बदली माणूस दिला का? आन ती मेंढरं बगितलीव का तुमी? धुतलेली! इस्त्री केल्यावाणी! मेंढराला कधी येवढं पांढरं बगितलंय का? कुत्रं न्हाई, वाघर न्हाई, आन हा झाडाला टेकून बासरी वाजवायलाय. मेंढक्याला बूड टेकायला टाईम आसतोय का, गुर्जी?"

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ती नाही म्हणून आबा इतके भडकले होते, की मलाच ती घरी विसरून आल्यासारखं वाटलं.

मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल. कसलं काय! पुढच्या आठवड्यात शाळा समितीची बैठक होती, विषय पाण्याच्या टाकीचा. आबा उठले आणि म्हणाले, "टाकीचं मागून बगू. त्या मेंढरांचं काय झालं?" अध्यक्ष म्हणाले, "आबा, कुणाची मेंढरं?" मग मला सगळ्या समितीला जर्मन परीकथा सांगावी लागली. टाकी राहिली तशीच. शेवटी माझं डोकं खाऊन त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. विषय : परक्याची मेंढरे बेवारस सोडून जाणेबाबत. कुणाला पाठवायचा विचारलं, तर म्हणाले, "जर्मनीच्या कलेक्टरला." मी संतापाने लिहिला, त्यांनी शांतपणे अंगठा उठवला. अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि दर सोमवारी गाडी लावायच्या आत विचारणा होते, "जवाब आला का?"

आता गिरजामायचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय या रागाचा ठाव लागणार नाही. गिरजामाय ही आबांची बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, पाय ओढत चालते, आणि बोलणं गेलं. सगळे शब्द जाऊन एकच आवाज राहिला, 'बो'. परभणीच्या दवाखान्यातल्या बाईंनी चित्रांचा एक कागद दिला आणि सांगितलं, रोज तासभर हिच्याकडून एकेक शब्द म्हणवून घ्या, कधीतरी एखादा परत येईल. आबा रोज तीन तास घेतात. मी सकाळी गावात शिरतो तेव्हा ओट्यावरून तास चालू असतो.

"म्हण, पाणी."

"बो."

"पा... णी."

"बो."

"आगं, 'बो'मधी पाणी कुठं हाय? पाणी म्हण!"

"बो!"

"बगा गुर्जी, मलाच म्हणायली की आधी घसा वला कर आन मंग शिकव." आणि खरंच तांब्या उचलून घटाघटा पाणी पितात. त्या एका 'बो'तून चहात साखर कमी आहे, दार लोटा, सुनेला फोन लावा, गप बसा, असं सगळं ते ऐकतात. बरोबर ऐकतात, हे तिच्या तोंडावरून दिसतं. पण 'पाणी' हा शब्द तिच्या तोंडून आल्याशिवाय तास बंद करायचा नाही असं त्यांनी ठरवलंय. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, की एक आला तर मागून दुसरे येतील. त्या एकावर त्यांचं सगळं टांगून आहे.

म्हणून मेंढरांपेक्षाही त्यांचा मोठा राग फुलावर होता. "फूल लावलं आन बोलायला लागली! लगीच! आवं, दोन वर्षं झाली, आमी येका शब्दाला धरून बसलोत. त्यातला 'पा'बी आला न्हाई. आन हिथं सव्वा तासात सगळं झालं. पोरायला असलं शिकवायलाव तुमी? सरासर लबाडी!"

आणि तो मुलगा खिळून उभा राहतो, त्यावर तर ते थुंकायचेच. मी म्हणालो, "आबा, जादू झालेली असते त्याच्यावर." तर म्हणाले, "उभं ऱ्हायला जादू लागती व्हय? उभा ऱ्हायला की वेळ जातो. मंग डॉक्टर म्हणतेत, लवकर कामून आणलं न्हाई." मी पुढे विचारलं नाही. गिरजामाय गोठ्यात पडली तेव्हा हातात चाऱ्याची पेंढी धरून कोण उभं राहिलं होतं, आणि शेजारच्या सुनेने धावत जाऊन जीप आणली, हे गावाने मला आधीच सांगितलं होतं.

एकदा मी सहज म्हणालो, "गिरजामायला घेऊन या, तिलाही दाखवू." आबांनी काठी आपटली. "खबरदार! तिला दावायचा न्हाई. तिच्या मनात येईल, ह्याला येक फूल आणणं व्हईना." मला राग आला. आठवडे न आठवडे माझं डोकं उठवायचं आणि वर खबरदार? म्हणालो, "मग तुम्हीही बोलू नका त्याच्याबद्दल. तुमचं ओरडणं तिला ऐकू येत नाही का?"

ऐकू येत होतं. पुढच्याच शनिवारी पोरं घरी गेली, मी कुलूप लावत होतो, आणि फाटकातून गिरजामाय पाय ओढत आली. एकटीच. आली, बाकावर बसली, डाव्या हाताने टीव्ही दाखवला. "बो."

याचा अर्थ सांगायला आबांची गरज नव्हती. मी सिनेमा लावला. दहा मिनिटांत आबा घामाघूम होऊन दारात. "सगळं गाव धुंडलं! सांगून जायचं आसतं का न्हाई?" मग आपण काय बोललो हे त्यांच्याच लक्षात आलं आणि ते निमूट तिच्या शेजारी बसले. निमूट म्हणजे पाच मिनिटं. पांढरी मेंढरं आली आणि पुन्हा सुरू. गिरजामाय खुदकन हसली. तिला मेंढरं आवडली.

शेवट आला. चेटकिणीच्या वाड्यात हजारो पिंजरे, हजारो पक्षी, आणि मुलाला कळेना आपली कोणती. तेवढ्यात म्हातारी हळूच एक पिंजरा घेऊन सटकायला लागते, त्यावरून तो ओळखतो.

आबा उभे राहिले. "म्हातारी पळाली म्हणून कळलं! नसती पळाली तर? आवं, सांजच्याला पाच-पन्नास कोकरं येकदम वरडतेत. कोणतं कोणत्या मेंढीचं हे मी तिकडं पाठ करून सांगतो, नुस्त्या आवाजावर. आन ह्याला बायको वळखू येईना?"

पडद्यावर त्याने फूल लावलं, बुलबुलाची मुलगी झाली, ती त्याच्या गळ्यात पडली आणि बोलली.

"बंद करा," आबा म्हणाले. "हा तिचा आवाज न्हाई. सुरवातीला दुसरा व्हता. आवाज बदलला ह्यांनी."

"आबा, तोच आहे."

"बदललाय म्हणतो ना!"

आता मात्र मी चिडलो. सिनेमा मागे नेला, सुरुवातीचं तिचं बोलणं लावलं, मग शेवटचं. पुन्हा पहिलं, पुन्हा शेवटचं. एकच बाई बोलत होती. आबा ऐकत राहिले. मग खाली बसले. मी टीव्ही बंद केला.

"मला कळंना झालंय, गुर्जी," ते म्हणाले. त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पन्नास कोकरायचा आवाज ध्यानात हाय. हिचा कसा व्हता त्योच आठवंना. सकाळपासून बसलो तरी येईना. उद्या ही बोलली, आन मला वाटलं दुसरंच कुणी बोलायलंय, तर?"

गिरजामाय त्यांच्याकडे बघत होती. हे तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"तुमच्या पोरांच्या मोबाईलमध्ये कधी तिचं बोलणं भरून ठेवलं नाही का?" मी विचारलं.

"कामून ठिवायचं? रोज तर बोलायची." मग माझ्याकडे वळून, "तुमी ऐकला व्हता का? वारं जायच्या आधी?"

ऐकला होता. मी नवीन आलो त्या महिन्यात मधल्या सुट्टीत पोरांनी त्यांच्या मेंढरांना खडे मारले होते आणि गिरजामाय फाटकात येऊन मला फाडफाड बोलली होती. सगळ्या पोरांसमोर. आठवडाभर माझा अपमान उतरला नव्हता, त्यामुळे शब्दन् शब्द लक्षात होता. मी तसं सांगितलं.

"म्हणून दावा," आबा म्हणाले.

चाळिशीचा मी, जिल्हा परिषदेचा शिक्षक, रिकाम्या वर्गात एका म्हातारीसमोर उभा राहून तिचाच आवाज काढायला लागलो. "ओ गुर्जी! पोरायला नुस्ती बाराखडी शिकवायलाव का जरा मानुसकीबी शिकवायलाव? ती... जनावरं हायत! त्यायला मारल्यालं सांगता येत न्हाई!"

मधे एक शब्द होता, तो मी गिळला. तिच्यासमोर तो माझ्या तोंडून निघेना.

गिरजामायने डाव्या हाताने बाक आपटला. "बो! बो!"

"येक शब्द खाल्लाव म्हणायली," आबा म्हणाले. "आन लय हळू म्हणायलाव, ती हळू बोलत नव्हती. सगळं म्हणा."

मी घसा खाकरला आणि सगळं म्हणालो. मुकी जनावरं हायत ती, मुकी! फाटकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो. गिरजामायने मान डोलावली. आबा काठीवर हनुवटी टेकून, डोळे मिटून बसले होते.

"न्हाई," ते म्हणाले. "असा नव्हता. पण जवळ आलाव. पुन्ना म्हणा."