श्रवणीय गाणी नसलेला सिनेमा

"सर, त्या सिनेमात एकही गाणं नाही. मग गाणी तुम्हाला श्रवणीय कशी वाटली?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ठिणगीने हा प्रश्न भर वर्गात विचारला. विचारला कसला, फेकून मारला! भाषेच्या सरांनी शाळेच्या भित्तिपत्रकात नव्या सुपरहिरोपटाचं परीक्षण लिहिलं होतं: गाणी श्रवणीय, छायाचित्रण नेत्रसुखद, एकदा पाहायला हरकत नाही. सर सगळ्याच सिनेमांबद्दल हेच लिहीत.

वर्गात हशा पिकला. सरांचे कान लाल झाले.

"तू पाहिलास?"

"नाही सर, पण..."

"मग उद्या पाहून तूच लिहून आण. खाली 'कुठे पाहाल' तेही लिही. कायदेशीर ठिकाण! चोरून पाहिलास तर भित्तिपत्रकाला पुन्हा हात लावायचा नाही."

पुढच्या वर्षी त्याच भित्तिपत्रकाची संपादक व्हायचं, हे ठिणगीने कधीच ठरवून टाकलं होतं. ती घरी आली ती फणफणतच.

"बाबा, तुम्ही वकील ना? सिनेमा बघायचा कायदेशीर मार्ग सांगा."

"कायदेशीर मार्गाला वेळ लागतो," बाबा पेपरमधून मान वर न काढता म्हणाले.

ठिणगीचं डोकं आणखी तापलं. सिनेमा थिएटरात होता तेव्हाही 'नेतो, नेतो' म्हणत ऐन वेळी यांना कोर्टाची तारीख आली होती!

पहिल्या ॲपने सांगितलं, हा सिनेमा तुमच्या भागात उपलब्ध नाही. दुसरं ॲप मामाच्या खात्यावर चालायचं. तिथे मामी, मामीची बहीण आणि त्या बहिणीची सासू आधीच ठाण मांडून बसल्या होत्या. चौथ्याला जागा नव्हती. तिसऱ्यावर सिनेमा भाड्याने मिळत होता.

"भाड्याने? म्हणजे बघून झाला की परत द्यायचा?" आईने शेजारी लॅपटॉपवर काम करता करता विचारलं.

"बाबा, कार्ड द्या."

"कशाला? त्यात आहे काय? शेवटी पूल पडतो आणि तो उडून जातो."

"तुम्हाला काय माहीत?"

"जाहिरातीत होतं."

तेवढ्यात एका मैत्रिणीने मोबाइलवर अख्खा सिनेमाच पाठवला. सोबत 'घे, फुकट!'

"चोरीचा माल!" ठिणगी कडाडली.

"बघून टाक ना. कोण विचारतंय?"

"वकील असून असं बोलता?"

"ऑफिसची वेळ संपली."

फक्त गाणं आहे का तेवढंच बघायचं, असं स्वतःला बजावून तिने मधूनच कुठूनतरी सिनेमा लावला. कुणीतरी थिएटरात बसून मोबाइलवर टिपलेली प्रत होती ती. चित्र अंधूक, मध्ये लोकांची डोकी. सुपरहिरो पुलाखाली निपचित पडला होता. सगळं थिएटर श्वास रोखून गप्प. आणि त्या शांततेत खणखणीत आवाज आला:

"अहो, सगळं पॉपकॉर्न तुम्हीच खाताय!"

"हळू बोल. तो मेला बहुतेक."

"पण ठिणगीला काय सांगायचं?"

"सांगू, कोर्टात तारीख होती."

ठिणगीने मोबाइल थांबवला. बाबांचा पेपर हळूहळू वर सरकून चेहऱ्याआड गेला.

"हा पुरावा चालणार नाही," पेपरमागून आवाज आला. "चोरीच्या प्रतीतला आहे."

"तरी मी म्हणत होते, हिला नेऊ या," आई म्हणाली.

"तू पॉपकॉर्न म्हणत होतीस!" रागाने ठिणगीचा आवाज फाटला. "मी इथे भूगोलाचे नकाशे भरत होते, आणि तुम्ही दोघं..."

"अगं, तुझी परीक्षा होती..."

"एक अक्षर बोलू नका!"

तिने ती प्रत पुसून टाकली. मग टेबलावर हात पसरला. बाबांनी मुकाट्याने पाकीट उघडून त्यावर कार्ड ठेवलं.

"आता ऐका. मी सिनेमा भाड्याने घेतेय आणि एकटी बघणार आहे. संपेपर्यंत तुम्ही दोघांनी खाली चकरा मारायच्या. आणि परीक्षणात 'कुठे पाहाल' याच्या पुढे मी लिहिणार: आपल्याच घरी. फक्त आधी आई-बाबांना बाहेर काढा."