न सांडणारा चहा

सकाळी नऊच्या सुमारास मुबारकनं आपल्या वडिलांना, फारुकचाचांना, दिवाणावर बसवलं, पाठीला दोन तक्के लावले, डोक्यावर नवी टोपी ठेवली आणि समोर उकिडवं बसून समजावलं, "अब्बा, पाव्हणं आलं की हसायचं. मान हलवायची. बाकी कायबी करायचं न्हाय. आज शगुफ्ताचं जमलं पायजे."

फारुकचाचांनी मान हलवली.

चाळीस वर्षं हा माणूस निमगाव केतकीपासून पार लासुर्ण्यापर्यंत दारोदार बांगड्या भरत हिंडला होता. बांगडी भरणं हे निम्मं हाताचं काम आणि निम्मं जिभेचं. बाईला बोलण्यात गुंतवली की बांगडी बोटांच्या पेरांवरून कधी उतरली ते तिला कळत नाही. चाचा कुणाच्या माहेरची खुशाली विचारत, कुणाची ओवी ऐकत, एखादी आपण म्हणत. शेळगावच्या बाया म्हणायच्या, काकणं दुसऱ्याकडंबी मिळतील, पर चाचा कुठनं आणायचा?

त्या चाचांना पाच महिन्यांपूर्वी लकवा मारला. उजवा हात लुळा पडला आणि जीभ अडकली. डोकं शाबूत होतं. शब्दही सगळे आत जागच्या जागी होते, बाहेर मात्र भलताच कुणीतरी यायचा. पाणी मागायला जावं तर तोंडातून 'मंगळवार' निघे. भूक लागली, मंगळवार. चष्मा कुठाय, मंगळवार. घरच्यांनी वारांचा नाद सोडला आणि हातवाऱ्यांवर भागवायला सुरुवात केली.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मुबारकची मुलगी शगुफ्ता आपल्या या दादांना एसटीनं बारामतीला न्यायची. तिथल्या स्वरूपा मॅडम बोलण्या-गिळण्याचे उपचार करत. चाचांना आधी वाटलं होतं, गिळायला काय शिकायचं, ते तर आईच्या दुधाबरोबर येतं. पण मॅडमनी तपासून सांगितलं की पातळ काही प्यायलं की त्यातलं थोडं वाट चुकून फुप्फुसाकडे जातंय. म्हणून पाणी, चहा, सगळ्यात एक पांढरी पावडर घालून ते मधासारखं दाट करायचं. बोलण्याचं औषध वेगळं होतं. "गाणं मेंदूत दुसऱ्या बाजूला राहतं चाचा," मॅडम म्हणाल्या होत्या. "शब्द अडला की चालीत म्हणा. डाव्या हातानं मांडीवर ठेका धरा." आणि खरंच, जो माणूस 'पाणी' म्हणू शकत नव्हता तो अख्खी ओवी म्हणून गेला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चाचांनी ते पाहून हळहळत म्हटलं, "मंगळवार."

हे सगळं आज लपवायचं होतं. कारण शगुफ्ताला बघायला आलेली आधीची दोन स्थळं याच दिवाणावरून परतली होती. पहिले म्हणाले, पोरीचा जीव म्हाताऱ्यात अडकलाय, ती आमच्याकडं काय नांदणार. दुसऱ्यांनी तर विचारलं, हे रक्तातनं येतं का. त्या दिवसापासून चाचा रात्री जागे असत. आपल्या नातीच्या वाटेत आपणच आडवे पडलोय, हे सांगायलासुद्धा शब्द नव्हता.

म्हणून आज चाचांची धरून चालायची चौकट पलंगाखाली गेली. गोळ्यांची पाकिटं पेटीत गेली. पावडरीच्या डब्यावर तर रुग्णाचं चित्रच छापलेलं, तेव्हा सूनबाई नसरीननं पावडर एका स्टीलच्या डब्यात ओतली, तो साखरेच्या डब्याशेजारी ठेवला आणि मूळचा डबा माळ्यावर फेकला. घरात आजाराची खूण म्हणून उरली नाही.

लासुर्ण्याचे पाहुणे पाच येणार होते. जीपमधून अकरा उतरले.

"अब्बांचा जरा घसा बसलाय," मुबारकनं दारातच सांगून टाकलं.

चाचा हसले. मान हलवली. मुलगा शहबाज उंच, सावळा, घामेजलेला. त्याचे वडील हातात रुमाल घेऊन बसले. आणि सगळ्यांच्या मधोमध शहबाजची आजी ताजबी, हिरव्या पातळाचा पदर डोक्यावरून घट्ट ओढून.

अकरा माणसं म्हटल्यावर दूध पुरेना. नसरीन आत शगुफ्ताची ओढणी टाचत होती, म्हणून चुलीपाशी शेजारच्या छबूबाई उभ्या होत्या, मदतीला आलेल्या. दिवाणावरून स्वयंपाकघर सरळ दिसायचं. चाचांनी पाहिलं, छबूबाईंनी पातेल्यात पाणी वाढवलं. चहाचा रंग बघून नाक मुरडलं. फळीवरचा एक डबा उघडला, दुसरा उघडला, मग स्टीलचा डबा उघडून पांढऱ्या पावडरीची चिमूट जिभेवर ठेवली.

"ग बया, दुधाची पावडर हाय की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पर पानचट हाय. जरा जास्तच लागंल."

एक चमचा. दोन. पाच. चाचांचं हसू गालावरच वाळलं. एका कपाला एक चमचा म्हणजे मधासारखं, हे त्यांना पाच महिन्यांत पाठ झालं होतं. छबूबाईंनी मोजणं सोडून डबाच तिरका केला.

चाचांनी मुबारकची बाही धरली. सगळं बळ एकवटलं. "मंगळवार," ते म्हणाले.

"काय म्हणत्यात?" शहबाजच्या वडिलांनी विचारलं.

"मंगळवार लई शुभ, असं म्हणत्यात," मुबारक घाईनं म्हणाला. "घसा बसलाय न्हवं, एकेकच शब्द निघतो."

"मंगळवार," चाचा स्वयंपाकघराकडे बोट करून कळवळले.

"तारखेचं मागनं बघू अब्बा. आधी पसंती तरी होऊ द्या."

पाहुण्यांत खसखस पिकली. म्हातारा उतावळा आहे, पण गोड आहे, असं एकूण मत पडलं.

शगुफ्ता ट्रे घेऊन आली. नजर खाली, पावलं जपून. कप वाटले गेले आणि कुणीही ओठाला लावला नाही, कारण वडीलधाऱ्या माणसानं घोट घेतल्याखेरीज बाकीच्यांनी घ्यायचा नाही, ही त्या घराण्याची रीत. सगळे ताजबींकडे बघू लागले. ताजबींनी कपबशी गुडघ्यावर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. यंदाची पानवेल कशी आहे. उसाला तुरा लवकर आलाय. वाटेत जीप कशी आचके देत होती. चहाला त्यांचं बोट लागत नव्हतं.

आणि ती पावडर अशी की जितकी थांबेल तितकी चढते. चाचा एकटेच ते बघत होते. आधी चहावरची वाफ मंदावली. मग वरचा तजेला गेला. मग त्यावर एक सुरकुती उमटली आणि तिथंच राहिली.

शहबाजनं गार करायला म्हणून कप बशीत तिरका केला. काही पडलं नाही. त्यानं आणखी तिरका केला. पालथाच केला. क्षणभरानं सगळा चहा एकदम खाली उतरला आणि बशीत कपाच्या आकाराचा उभा राहिला.

शहबाजनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी आपला कप हळूच हलवला; कप हलला, चहा हलला नाही. अकरा माणसांच्या नजरा आपापल्या कपात रुतल्या. पण बोललं कुणी नाही. मुलगी बघायला गेलेल्या घरी चहाला नाव ठेवणं म्हणजे पोरीलाच नाव ठेवणं.

"असंल ह्यांच्याकडची पद्धत," वडील ओठ न हलवता पुटपुटले. पण त्यांचा हात रुमाल घडी करून खिशात ठेवत होता. निघायची तयारी. चाचांनी असे रुमाल याआधी दोनदा पाहिले होते.

शगुफ्ताला आता ते दिसलं. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती दाराच्या चौकटीला टेकली. तिचा तो चेहरा बघून चाचांना मुबारकचा हुकूम आठवेना. त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. ठेका धरला. म्हणायचं होतं एवढंच, की पिऊ नका, चुकून झालंय, पोरीचा दोष नाही. त्यांनी जात्यावरची जुनी चाल पकडली. पण चाल काही मोकळी येत नाही, आपले शब्द घेऊन येते. रोज दोन्ही वेळा पाणी पिताना नात जी ओवी त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची, तीच खणखणीत बाहेर आली:

"मान झुकवावी खाली, घोट घ्यावा इवलासा
दोनदा गिळावं बाई, मग सोडावा उसासा"

मुबारकचं तोंड उघडं पडलं. घसा बसलेल्या माणसाचा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. पाहुणे थिजले. छबूबाई हातात गाळणं घेऊन बाहेर आल्या.

चाचा स्वतःच हबकले होते. थांबावं म्हटलं तर थांबता येईना. एकदा फिरलेलं जातं, ते आणखी एक फेरा घेऊन आलंच. मान झुकवावी खाली.

ताजबी ताठ बसल्या होत्या. ही चाल त्यांनी सासरी पहाटेच्या अंधारात हजारदा म्हटली होती. यजमान घरचा वडील माणूस आपल्यासाठी जात्यावरची ओवी म्हणतोय, एवढंच त्यांना कळलं, आणि मानाला मान देणं त्यांना माहीत होतं. त्यांनी मान झुकवली. इवलासा घोट घेतला. दोनदा गिळलं. मग उसासा सोडला.

वडीलधाऱ्या माणसानं घोट घेतला होता. आता सुटका नव्हती. दहा माना एकदम खाली गेल्या. दहा घोट, वीस वेळा गिळणं आणि दहा उसासे, असा सुस्कारा त्या घरानं कधी ऐकला नसेल. चाचांची ओवी फिरली की माना पुन्हा खाली. शहबाजला तर चमचा मागून घ्यावा लागला. पाच फेऱ्यांत ताजबींचा कप रिकामा झाला.

आतून स्टीलच्या डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. नसरीननं डब्यात डोकावून बघितलं होतं. "या अल्ला," ती एवढंच म्हणाली आणि तिथंच जमिनीवर बसली.

पण बाहेर कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. शहबाज आजीकडे डोळे फाडून बघत होता.

"दादी, ठसका न्हाय लागला?"

"गप," वडील दबक्या आवाजात म्हणाले.

"पर अब्बा, अख्खा कप—"

"गप म्हनलं न्हवं."

"त्याला काय गप करतुयास," ताजबी म्हणाल्या. त्यांनी रिकामा कप सगळ्यांना दिसेल असा धरला. "दोन वरसं झाली भाऊ. पान्याचा घोट घेतला तरी जीव कासावीस हुतो, डोळं पांढरं हुत्यात. चारचौघांत चहा प्यायचं मी सोडलंय. आज घरातनं निघताना मला बजावून आणलंय, बोलत ऱ्हा, पर चहाला हात लावू नगं. आजारी म्हातारी दिसली तर पोरगी देत्याल का कोण."

शहबाजच्या वडिलांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं.

मुबारक उठला. पलंगाखाली वाकला आणि चालायची चौकट ओढून मधोमध आणून ठेवली. "अब्बांचा घसा न्हाय बसला," तो म्हणाला. "लकवा झालाय. चहात त्यांचं औषध पडलंय. आमी लपवलं."

"मला वाटलं दुधाची पावडर," छबूबाई गाळणं पदराआड लपवत म्हणाल्या.

पाहुण्यांतल्या कुणीतरी आपल्या पोटावरून हात फिरवला. "औषध म्हंजे कसलं?"

"कायबी हुत न्हाय. नुसता चहा दाट होतो," शगुफ्ता दारातून म्हणाली. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी पहिल्यांदाच बोलली होती, आणि आवाज अजिबात कापत नव्हता.

"आन ती ओवी?" ताजबींनी विचारलं. "चाल माझ्या वळखीची हाय. शब्द न्हाईत."

"मॅडमनी नियम दिलं हुतं. दादांच्या ध्यानात ऱ्हाईनात. मग मी ओवीत बसवलं."

ताजबी शहबाजच्या वडिलांकडे वळल्या. "ऐकलंस? दोन वरसांत तुमच्यापैकी एकाला सुचलं का?" मग मुबारककडे. "आमाला पोरगी पसंत हाय. आन ती पावडर थोडी पुडीत बांधून द्या."

फारुकचाचांना वाटलं, आपण काही चुकीचं तर ऐकत नाही. नसरीन दारात येऊन रडू की हसू अशी उभी राहिली.

"पावडर अशी न्हाय द्यायची," शगुफ्ता म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"गिळताना कुठं चुकतंय ते आधी तपासावं लागतं. दादांना चालतं ते दादीमांना चालंलच असं न्हाय." ती सरळ शहबाजकडे बघत होती. "दोन वरसं ठसका लागतुय म्हनताय. तुमी काय केलं?"

शहबाजनं चमचा खाली ठेवला. "त्यांच्यासमोर चहा प्यायचं सोडलं," तो म्हणाला.

शगुफ्तानं त्याला एकदा नीट न्याहाळलं. उत्तर चुकीचं होतं, पण वाईट नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"पसंती दादीमांनी सांगितली. माझी मी अजून सांगितल्याली न्हाय," ती म्हणाली. "मंगळवारी आमी आठच्या एसटीनं बारामतीला जातो. दादीमांना घेऊन या. मॅडम तपासत्यात तवर बाहेर दीड तास बसावं लागतं. तितं बोलू."

"शगुफ्ता," मुबारक खाकरला. पण ताजबींनी हात वर केला होता, आणि त्या हसत होत्या.

"आमी लासुर्ण्याला चढणार," शहबाज म्हणाला. तो आता चांगलाच घामेजला होता. "तवर गाडी भरल्याली असती. जागा मिळंल का?"

"दादीमांची धरून ठेवते. दादांच्या शेजारी."

"आन माझी?"

शगुफ्तानं ट्रेमध्ये कप गोळा करायला सुरुवात केली. त्याच्या बशीतला उरलेला चहा तिनं चमच्यानं सोडवला.

"तुमी हुभं ऱ्हावा," ती म्हणाली. "बारामतीपत्तर. बघू, किती टिकताय."