अप्पांचा निम्मा डोस

आमच्या शेजारच्या अप्पांचा बाटलीवर छापलेल्या मजकुरावर काडीचा विश्वास नाही. खोकल्याचं औषध असो की शेतातलं तणनाशक, लिहिलंय त्याच्या निम्मं. बीपीची गोळीसुद्धा ते अडकित्त्याने कातरतात. "इकनारा जास्तच सांगनार. त्याला थोडंच गिळायचंय?"

बिरवाडीचा दुकानदार दरवर्षी बजावतो, "अप्पा, पंपाला दोन टोपणं." अप्पा मान डोलावतात आणि भातात येऊन एकच टाकतात. तेही गवत दोन पानांवर असतानाच. "बारकं हाय तवर निम्म्यात मरतं." बरंचसं मरायचं, थोडं उरायचं. मग मुंबईला मुलाला फोन. "सुरेश, बेणणीला या रे, गवत आवरत नाय." सुरेश बायकोपोरांना घेऊन दोन दिवस गवत उपटायला यायचा. एवढ्या गोतावळ्याला जेवू घालतात, पण एक टोपण सुटत नाही, म्हणून मी अप्पांना चिकट म्हणायचो.

यंदा मीही निम्मा डोस धरला. अप्पांचं 'निम्मं' तेवढं ऐकलं, 'बारकं' ऐकायचं राहिलं. गवत गुडघ्याला लागल्यावर फवारलं. गवताला ते टॉनिक लागलं. बायको म्हणाली, "भात कुठे लावलंय, तेवढं दाखवून ठेवा."

अप्पांचा फवारा मात्र असा वेळेवर बसला की शेतात गवताची काडी उरली नाही. जाणारे-येणारे थांबून कौतुक करायचे आणि अप्पा सुतक असल्यासारखे बसायचे.

एका सकाळी ते फोन घेऊन माझ्या बांधावर आले.

"सुरेश म्हनतो, गवताचा फोटो पाठवा, मग बघतो. माझ्या शेतात तर कायच नाय. तुझ्यातला काढ ना रे."

"काढतो की! इथे प्रदर्शनच भरलंय."

"मला पन घे त्यात. वाकलेला."

मी उत्साहाने सगळ्यात दाट कोपरा निवडला. अप्पा कमरेपर्यंत बुडाले. फोटो गेला. उत्तर लगेच आलं, ते अप्पांनी मलाच वाचायला लावलं: 'बापरे! हे आम्हाला दोन दिवसांत उरकणार नाही. बाया लावा, मजुरी पाठवतो.'

दोन दिवसांपुरतं गवत दाखवायचं होतं. मी महिन्याचं दाखवलं.

अप्पांनी फोन खिशात टाकला, धोतर खोचलं आणि समोरचं गवत उपटायला लागले.

"अप्पा, अहो, हे माझं शेत!"

"म्हाईत हाय रे," वर न बघता ते म्हणाले. "घरी जाऊन तरी काय करू?"