सहाच्या पुढचा पाहुणा

संध्याकाळी सहा वाजले की आमचे मलप्पाअण्णा कामगाराचे पाहुणे होत. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर. सहाला कात्री खाली, टेप खुंटीला, आणि अण्णा दारात. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत मालक म्हणत, "अण्णा, जरा थांबा." या 'जरा'त दोन तास जात, त्यांचे पैसे मात्र मिळत नसत.

"थांबतो की," अण्णा म्हणायचे, "पन सहाच्या पुढं मी नोकर न्हाय, पावणा हाय. पावण्याला बसा म्हनायचं, च्या इचारायचा."

पहिल्यांदा मालकांनी हसण्यावारी नेलं. अण्णा दारातून हललेच नाहीत. शेवटी मालकांनी खुर्ची पुढे केली, चहा आणून दिला. अण्णांनी तो बशीत ओतून सावकाश घेतला, मालकांच्याच पोराबाळांची चौकशी केली आणि मग कात्री उचलली. पुढे हे रोजचंच झालं.

मी तिथे चेकिंगला. मला हा शुद्ध आचरटपणा वाटे. पैसे सोडून चहा कसला मागायचा? एकदा बोललोही तसं.

"पैसं मागितलं तर उद्या दुसरा मास्तर आनतील. आसं रोज इचारावं लागलं, की आपन कुनाचा तरी येळ घेतोय हे त्यांच्या ध्यानात ऱ्हातंय."

यंदा मात्र एका संध्याकाळी समोर आलेला चहा अण्णांनी उचललाच नाही. "शिलाईवरच्या बायका बी थांबल्यात. मंद्रूपवाल्यांची येष्टी चुकती रोज. त्यास्नी बसा कोन म्हनलं? मी एकट्यानं च्या प्यायचा व्हय?"

मशिनी थांबल्या. मालक लालबुंद. अण्णांची नोकरी गेली, असंच मी धरून चाललो. तीन दिवस चहा निवत राहिला आणि कापड टेबलावर पडून राहिलं. चौथ्या दिवशी मालकांनी सांगून टाकलं, सहाला सगळ्यांना सुट्टी, उरलेल्या कामाला वेगळी पाळी लावू.

बायकांनी पेढे वाटले. अण्णा मात्र सहाला सुटून गेटाजवळच्या बाकावर बसलेले दिसू लागले, पार दिवेलागणीपर्यंत.

"घरी नाही जायचं, अण्णा?"

"जायचं की." मग बाकावर सरकून मला जागा करत, "ही गेल्यापास्नं घरात च्या इचारनारं कुनी न्हाय. हितं मालक तरी इचारत हुतं."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो. फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "रविवारी आमच्याकडं या चहाला."

बरोबर सहाला आले, हातात केळी घेऊन. बायको 'बसा, बसा' म्हणतेय, पण हे बसायलाच तयार नाहीत. आमच्या पडद्याचा उसवलेला काठ त्यांनी हातात धरलेला.

"वहिनी, सुईदोरा द्या की जरा."

"अहो अण्णा," मी म्हणालो, "सहा वाजून गेले. तुम्ही तर पाहुणे आता!"

अण्णांनी पडदा सोडला नाही. खालच्या आवाजात म्हणाले, "हितं बी पावणाच करता व्हय मला?"

बायकोनं सुईदोरा आणून दिला. काठ पुरा झाल्यावरच त्यांनी चहा घेतला.