नमुना फ्लॅट आणि नववी ब

आपल्या हातून चूक होऊ शकते, अशी शंका मॅनेजरना आयुष्यात दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळा ती शंकाच चुकीची होती असं त्यांचं मत होतं. (बायकोचं मत वेगळं होतं, पण ते त्यांनी विचारलं नव्हतं.) त्यामुळे बुधवारी सकाळी साडेनऊला प्लंबरचा फोन आला, "साहेब, नमुना फ्लॅटच्या छतातून धार लागलीय. बादली ठेवली होती, ती भरली. आता टब ठेवलाय," तेव्हा ते अजिबात घाबरले नाहीत. उरलेला चहा शांतपणे संपवला आणि म्हणाले, "टब भरला की दुसरा ठेव."

खरं तर घाबरायला हरकत नव्हती. मालकांच्या तीन इमारती, तिन्ही भाड्याने द्यायच्या. पहिल्या दोन भरलेल्या. तिसरी सहा महिन्यांपूर्वी तयार झाली होती, आणि आजवर तिथे फक्त कबुतरं राहायला आली होती. आता नदीवर पूल बांधायला एक परदेशी कंपनी येणार होती. तिचे बारा इंजिनियर, बायकापोरांसकट, तीन वर्षं मुक्कामाला. त्यातलं एक जोडपं आधी येऊन तिथला नमुना फ्लॅट बघणार होतं. त्यांनी मान डोलावली की बाराही फ्लॅट भरले.

"आणि नाही डोलावली तर?" मॅनेजरनी सहज विचारलं होतं.

"तर तिसरी इमारत मी विकून टाकतो," मालक म्हणाले. "दोन इमारती काय, माझ्या मीच बघेन."

मॅनेजर राहत होते तो दुसऱ्या इमारतीतला फ्लॅट नोकरीबरोबर मिळालेला होता. म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेलं. पण हा विचार मनात आला तसा त्यांनी तो बाहेरच्या बाहेर वाटेला लावला. अहो, एक महिना तयारी केली होती त्यांनी! फोनमध्ये भाषांतर करणारं अॅप घेतलं होतं. आपण बोलायचं, फोन त्यांच्या भाषेत बोलणार. ते बोलले की फोन आपल्या भाषेत. परदेशी पाहुण्यांसमोर हसावं किती, हात किती वेळ धरावा, याचासुद्धा त्यांनी आरशासमोर सराव केला होता.

पाहुणे यायचे होते अकराला. मॅनेजरनी घराकडे एक नजर फिरवली आणि तो छोटासा निर्णय घेतला. आपलाच फ्लॅट दाखवायचा! पाहुणे आले की इकडेच पाठव, असं त्यांनी प्लंबरला फोनवर सांगूनही टाकलं. मांडणी तीच, खिडक्या त्याच, स्वयंपाकघर तेवढंच. फक्त त्यात माणसं राहतात, एवढाच काय तो दोष.

त्यातलं एक माणूस, म्हणजे बायको, सकाळीच शाळेत गेली होती. ती नववीला गणित शिकवते. दुसरं माणूस, म्हणजे सासूबाई, हॉलमध्ये खुर्चीवर बसून पाय सरळ करत होत्या आणि वाकवत होत्या. सासूबाई मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांच्या प्रमुख. गुडघा दाखवायला आठ दिवसांसाठी आल्या होत्या, त्याला आता तीन महिने होत आले होते.

"आई, तासभर गच्चीवर बसता का? छान ऊन आहे."

"जावईबापू, माझे अजून चाळीस राहिलेत. डाव्या पायाचे."

"बरं, मग इथेच बसा. पण तुम्ही या घरात राहत नाही असं दाखवा."

"मग कुठे राहते मी?"

"कुठेच नाही. म्हणजे... हा नमुना फ्लॅट आहे. इथे कोणीच राहत नाही."

"आणि मी काय नमुना आहे?"

याला उत्तर देण्याइतका वेळ नव्हता. (वेळ असता तरी दिलं नसतं.) मॅनेजर घर आवरायला धावले. नमुना फ्लॅटमध्ये माणसाचा मागमूस दिसता कामा नये. चपला पलंगाखाली, कुकर कपाटात, औषधांचा डबा फ्रीजमध्ये, टूथब्रश खिशात. दोरीवरचे कपडे त्यांनी उशीच्या अभ्र्यांत कोंबले, त्यामुळे उशा एकदम गुबगुबीत आणि श्रीमंत दिसायला लागल्या. शेवटी जेवणाच्या टेबलावर एक कागदांचा गठ्ठा राहिला आणि दाराची बेल वाजली. कपाट भरलेलं. पलंगाखाली जागा नाही. मॅनेजरनी वॉशिंग मशीनचं गोल दार उघडलं, गठ्ठा आत सरकवला आणि दार लावलं.

"जावईबापू, अहो ते..." सासूबाई म्हणाल्या.

"नंतर, आई!"

पाहुणे उंच होते. नवरा पूल बांधणारा, शांत, दाराच्या चौकटीला हात लावून तिची जाडी मोजणारा. बायको चष्मेवाली, हसरी, सगळीकडे डोकावणारी. दोघांनी वाकून सासूबाईंना नमस्कार केला. सासूबाईंनी पाय वर घेतला, खाली घेतला आणि म्हणाल्या, "अडतीस."

पाहुणीने फोनमध्ये काहीतरी विचारलं. फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "ही वृद्ध स्त्री भाडेकरारात समाविष्ट आहे का?"

"नो, नो!" मॅनेजर म्हणाले आणि फोनला सांगितलं, "या व्यायाम तज्ज्ञ आहेत. प्रत्येक इमारतीत आम्ही ठेवतो."

पाहुणे खूष झाले. मॅनेजरना पंख फुटले. त्यांनी खिडक्या उघडून दाखवल्या, दिवे लावून दाखवले, नळ सोडून दाखवला. नवऱ्याने उशीवर हात ठेवला तेव्हा आतून एक मोजा डोकावला, तोही मॅनेजरनी हसत हसत आत ढकलला. सगळं कसं झकास चाललं होतं. मग पाहुणी वॉशिंग मशीनसमोर उभी राहिली.

"हे यंत्र चालते का?" फोनने विचारलं.

आता कोणीही शहाणा माणूस नुसतं "हो" म्हणाला असता. पण मॅनेजर पडले आत्मविश्वासाचे. ते म्हणाले, "चालतं का? बघाच!" आणि त्यांनी बटण दाबलं.

मशीनने एक हुंकार दिला. पाणी आलं. काचेच्या गोल दारामागे एक पांढरा कागद चिकटला, सरकला, गेला. मागून दुसरा. मग दहा-पंधरा एकदम. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईने एक आकडा होता. आठ. बारा. सतरा. मॅनेजरनी बटण पुन्हा दाबलं. मशीन थांबेना. तिसऱ्यांदा दाबलं, तर ते जास्त जोरात फिरायला लागलं. (त्याला 'जलद धुलाई' म्हणतात, हे त्यांना नंतर समजलं.)

पाहुणे वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते. मग पाहुणी हळूच फोनशी बोलली.

"तुमच्या देशात कागद धुतात का?"

आणि मग मॅनेजरनी ते वाक्य उच्चारलं, जे पुढे कित्येक महिने त्यांना घरात ऐकवलं गेलं.

"हो. ही आमची पर्यावरण योजना आहे. जुना कागद धुऊन आम्ही पुन्हा वापरतो."

"एकोणतीस," सासूबाई म्हणाल्या, आणि पाय खाली ठेवून मान वळवून जावयाकडे बघायला लागल्या.

फोनने भाषांतर केलं. पाहुण्या नवऱ्याचे डोळे चमकले. त्याने वही काढली आणि तो लिहून घ्यायला लागला. किती पाणी लागतं? साबण कोणता? आठवड्यातून किती वेळा? मॅनेजरनी सगळ्याची उत्तरं दिली. एकदाही अडखळले नाहीत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, ते म्हणाले. सगळे भाडेकरू खाली जमतात.

एवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

"अहो, ऐकलं का? नववी ब चा गठ्ठा टेबलावरच राहिला," बायको चपला काढता काढता आत आली. "उद्या सकाळी मार्क द्यायचेत..."

तिने टेबलाकडे पाहिलं. दोन उंच अनोळखी माणसांकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आईने नुसतं बोट दाखवलं. बायको मशीनसमोर जाऊन उभी राहिली. काचेवर एक कागद येऊन थांबला. त्यावर वर्तुळाची अर्धी आकृती होती.

"ती माझी नववी ब फिरतेय का?" तिने विचारलं.

ती ओरडली असती तर मॅनेजरना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिने मशीनची चकती शेवटच्या खुणेवर नेली, पाणी जायची वाट बघितली, दार उघडलं आणि तो ओला, जड गोळा बाळासारखा दोन्ही हातांवर घेतला. बेचाळीस मुलांची परीक्षा होती ती. तिचा चेहरा बघून मॅनेजर त्या दिवसात पहिल्यांदाच घाबरले. मालक, पूल, बारा फ्लॅट, सगळं एकदम लांब गेलं.

"मी... मला वाटलं रद्दी आहे," ते म्हणाले. हे खोटं होतं. त्यांना काहीच वाटलं नव्हतं.

पाहुणी पुढे आली. तिने वरचा कागद अलगद सोडवला, उजेडात धरला, आणि एकदम तोंडातून काहीतरी उद्गार काढला. चष्मा सावरत तिने एका ओळीवर बोट ठेवलं, मान हलवली, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि हवेत वजाबाकीची आडवी रेघ काढली. मुलाने तिथे चिन्ह चुकवलं होतं. बायकोने वाकून पाहिलं. तिने त्याच जागी केलेल्या लाल फुलीची फिकट गुलाबी खूण तेवढी उरली होती.

"तुम्हीसुद्धा गणित शिकवता?"

फोनची गरजच पडली नाही. पाहुणी स्वतःच्या छातीवर हात ठेवून हसली.

पुढचे दोन तास मॅनेजरच्या घरात जे झालं ते त्यांच्या महिनाभराच्या तयारीत कुठेच बसत नव्हतं. पाहुण्या नवऱ्याने दोरी मागितली आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी काही बांधली, की बेचाळीस ओल्या उत्तरपत्रिका लटकूनही ती तसूभर खाली आली नाही. सासूबाईंनी इस्त्री तापवली. "कमी ठेव रे, जळेल. हां, असा. आता उलटा कर," त्या त्याला सांगत होत्या, आणि एक शब्द न कळता तो बरोबर उलटा करत होता. (मोठमोठे सर्जन त्यांना टरकून असत, तिथे पूल बांधणाऱ्याची काय कथा.) मुलांनी बॉलपेनने लिहिलं होतं म्हणून अक्षरं वाचली होती. लाल शाईचे मार्क मात्र धुऊन गेले होते, ते दोघी बायका टेबलाशी बसून पुन्हा देत होत्या. मधूनच एखाद्या उत्तराला दोघी एकदम हसत.

मॅनेजर चिमटे धरून उभे होते.

मध्येच पाहुण्याने फोन उचलून सासूबाईंना काहीतरी विचारलं. फोन म्हणाला, "पर्यावरण योजनेत दर वेळी एवढी इस्त्री करावी लागते का?"

"कसली योजना आणि कसलं काय!" सासूबाई फोनमध्ये स्पष्ट म्हणाल्या. "हे यांचंच घर आहे. मी यांची सासू. नमुना फ्लॅट गळतोय म्हणून तुम्हाला इथे आणलंय. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की थांबत नाही."

फोनने प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. मॅनेजरनी डोळे मिटले. आता सामान कशात बांधायचं, खोकी कुठे मिळतील, इथवर त्यांचा विचार गेला.

पण पाहुणे दोघंही हसत होते. इस्त्री बाजूला ठेवून हसत होते. मग पाहुणी फोनशी सावकाश बोलली.

"आम्ही या आठवड्यात सात नमुना फ्लॅट पाहिले. सगळे सुंदर होते. तिथे मुलाला ताप आला तर कोणाकडे जायचे हे कोणालाही सांगता आले नाही."

"एवढंच ना?" बायको म्हणाली. तिने एक कोरा कागद ओढला. मुलांचा डॉक्टर कुठला आणि तो किती वाजता बसतो, ओला कचरा कोणत्या डब्यात, गरम पाण्याचा नळ आधी कुठल्या बाजूला पिळायचा, कोणत्या शाळेत नवीन भाषेच्या मुलांना सांभाळून घेतात, सगळं तिने लिहून काढलं. सासूबाईंनी खाली स्वतःचा नंबर घातला. "ताप रात्री चढतो," त्या म्हणाल्या. "खुशाल उठवा."

पाहुण्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला. मग तो उठला, मॅनेजरच्या हातातले चिमटे काढून घेतले आणि त्यांच्याशी हात मिळवला.

"गळणारे छत मी स्वतः पाहीन," फोन म्हणाला. "आम्ही बाराही कुटुंबे येत आहोत."

महिन्याभरात तिसरी इमारत भरली. कबुतरांनी जागा सोडली. मालकांनी पाठीवर थाप मारली आणि मॅनेजरचा आत्मविश्वास, जो दोन दिवस जरा पडून होता, पुन्हा उठून बसला. मूळ कल्पना आपलीच होती, असं ते ज्याला त्याला सांगायला लागले. (कोणती कल्पना, हे सांगत नसत.)

मग एका सोमवारी तिसऱ्या इमारतीच्या सूचना फलकावर परदेशी भाडेकरूंनी स्वतः तयार केलेलं एक छान रंगीत पत्रक लागलं. त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच लिपीत. वर सासूबाईंचा फोटो, मध्ये बायकोचा, आणि खाली मॅनेजरचा. मॅनेजर जागच्या जागी विरघळले. येता-जाता तिथे थांबायला लागले. प्लंबरला बोलावून दाखवलं. मालकांना फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'लोकांचं प्रेम.' चार दिवसांनी वाटलं, आपल्याबद्दल नेमकं काय लिहिलंय ते एकदा शब्दशः ऐकावं. आजूबाजूला चार-पाच माणसं उभी आहेत असं बघूनच त्यांनी फोन आपल्या फोटोखालच्या ओळींवर धरला आणि आवाज मोठा केला.

फोन खणखणीत म्हणाला, "हा मॅनेजर आहे. निरुपद्रवी आहे. हसून मान हलवावी आणि वरच्या दोनपैकी एका नंबरवर फोन करावा."