सागाची होडी आणि मेव्हण्याचं भरीत

जळगावात स्वतःच्या अंगणात शिडाची होडी बांधणारा पहिला माणूस मी आहे! दुसरा कोणी असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याच्याशी भांडायला तयार आहे. सध्या मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. समुद्राशी आम्हा खानदेशी लोकांचा संबंध मिठापुरता. पण वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने व्यापारी वारे काढल्यावर माणसाला वाटतंच, की एखाद्या वाऱ्याने आपल्यालाही कुठेतरी न्यावं. मेहरूणचा तलाव घरापासून हाकेच्या अंतरावर. म्हटलं, होडी बांधायची!

दिवाळीपासून मी अंगणात फळ्या तासत होतो. घरात भुसा इतका, की चहातसुद्धा सागाचा वास. शेवटी बायकोने, नूतनने, निकाल दिला.

"रविवारी ही होडी तलावात दिसली पाहिजे. नाहीतर सोमवारी बंबात!"

"हे सागवान आहे, नूतन!"

"मग पाणी छान तापेल."

होडी जवळपास तयार होती. जवसाचं तेल चोळून चोळून मी तिला आरशासारखी चकचकीत केली होती. आमच्या कोरड्या हवेने फळ्या आक्रसून सांधी तेवढ्या उघड्या पडल्या होत्या. त्यात भरायचा मसाला शनिवारी संध्याकाळी लावायचा आणि शनिवारी दिवसा धुळ्याला जाऊन मंडपवाल्या शिंप्याकडून शीड आणायचं, असा बेत होता.

एकच चूक केली. नूतनच्या भावाला, सावद्याच्या रुपचंदला, फोन केला. हा केळीचा व्यापारी. मागे मी सौर चूल बनवली तेव्हा त्याने तिच्यात मोजे वाळवले होते. म्हणून या वेळी होडीचं नावच काढलं नाही.

"रविवारी ये. मी घरी एक वस्तू बनवलीय. लाकडाची आहे, मोठी आहे. अख्खं मेहरूण बघायला लोटणार आहे!"

"आणि जेवणाचं काय, जिजाजी?"

"ते तू बघ," मी म्हणालो.

त्याने बघितलं. आणि रविवारची वाट न पाहता बघितलं!

शनिवारी दुपारी शीड खांद्यावर टाकून मी धुळ्याहून परतलो, तर गल्लीत धूर. अंगणात तुराट्यांचा जाळ, त्यावर भरताची वांगी, आणि गल्लीतली झाडून सगळी माणसं. मध्यभागी माझी होडी. होडीत सोललेल्या वांग्यांचा डोंगर. आणि होडीच्या दोन्ही बाजूंना दोन पैलवान, माझी वल्ही उलटी धरून, वांगी ठेचत होते!

"थांबा!" मी असा ओरडलो, की पेरूच्या झाडावरचे पोपट उडाले. "काय चाललंय हे?"

"या जिजाजी!" रुपचंद हातातली मिरची हलवत म्हणाला. "मानलं तुम्हाला! भरीत ठेचायला एवढी मोठी काठवट अख्ख्या जिल्ह्यात नसेल. वर तेल पाजून तयार! मी म्हटलं, हिला रविवारपर्यंत कोरडी ठेवणं पाप आहे."

"काठवट? अरे, ती होडी आहे! होडी!"

रुपचंद इतका हसला, की पैलवानांनाही वल्ही टेकवावी लागली.

"होडी? जळगावात?"

मी नूतनकडे वळलो. "तुला तरी माहीत होतं ना?"

"तो म्हणाला, तुम्हीच बोलावलंय. वाटलं, एकदाचे शहाणे झालात."

मी शीड जमिनीवर आपटलं. गल्लीतल्या धुरपदाबाईंनी ते उचललं, झटकलं आणि पंगतीला अंथरलं. मी किंचाळलो. शेजारचे लोटन आबा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "भाऊ, संताप कसाले करस? तुना वाटा काढी ठेयेल शे. जेवाले बस!"

म्हणजे मी भुकेने चिडलोय, असा सगळ्यांचा समज! जितकं ओरडावं तितकं पानात भरीत वाढत होतं. शेवटी मी खाल्लं. रागाने खाल्लं. चव उत्तम होती, त्याचा तर आणखीच राग आला.

पंगत उठल्यावर बघतो, तर प्रत्येक सांधीत भरीत ठासून बसलेलं. मी चाकू घेतला, ब्रश घेतला, रुपचंदच्या सात पिढ्यांना आठवलं. ते हलेना.

"सांधी भरायच्याच होत्या ना?" नूतन म्हणाली. "मग भरल्या की!"

रविवारी सकाळी रुपचंदच्याच टेम्पोतून होडी तलावावर नेली. गल्ली मागोमाग. वरणाचे डाग पडलेलं शीड मी उभारलं, डोळे मिटले आणि होडी पाण्यात ढकलली.

तरंगली! थेंबभर पाणी आत नाही! वारा शिडात भरला आणि मी काठापासून चक्क दूर निघालो. मागे वळून रुपचंदकडे असं बघितलं, की केळी पिकावीत.

तेवढ्यात पायाखाली आवाज आला. टुक. टुकटुक. वाकून बघितलं, तर होडीभोवती मासेच मासे. तलावातल्या यच्चयावत माशांना भरताचा वास लागला होता. हिरव्या मिरचीची पर्वा न करता ते माझ्या सांधी खात होते!

"हाड! हाड!" मी वल्ह्याने पाणी झोडपलं. वल्ह्यालाही भरीत लागलेलं. आणखी मासे आले.

आधी घोटे भिजले, मग गुडघे. मी ताठ उभा होतो. होडी सावकाश खाली बसली आणि मी छातीभर पाण्यात शिडाची काठी धरून उरलो. काठावर टाळ्या वाजल्या. लोटन आबांना वाटलं, होडी अशीच उतरवतात.

होडी बंबात गेली नाही. दोर लावून बाहेर काढली तेव्हाच तिला मागण्या यायला लागल्या. पुढच्या आठवड्यात ती अमळनेरला एका साखरपुड्याच्या भरताला जाणार आहे. नूतनने परस्पर होकारही दिला. मंडळी फार अदबीने बोलली म्हणे. त्यांचं एकच म्हणणं होतं: काठवट पाठवा, पण बनवणाऱ्याला पाठवू नका. तो पंगतीत फार आरडाओरडा करतो, असं त्यांच्या कानावर आलंय.