कुवाबारांच्या तळ्याचा तळ

"एप्रिलमध्ये बर्फ हटेल, त्या दिवशी मला तळ्याचा तळ दिसला पाहिजे," मुळा चिरता चिरता फुमिएबाई म्हणाल्या. "नाही दिसला, तर तळं बुजवायचं. बर्फ ढकलायच्या यंत्राला शेड हवीच आहे."

तामोत्सु कुवाबारांच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत जाता जाता थांबला. अडतीस वर्षं गावात टपाल वाटून ते निवृत्त झाले होते आणि आता त्यांना काळजी करायला चार मासे तेवढे उरले होते. तळं त्यांच्या वडिलांनी खणलेलं. त्यातले कार्प मासेही वडिलांच्याच वेळचे, लाल-पांढरे, हातभर लांब, स्वभावाने मानी. फक्त ते दिसत नसत. गेली चार वर्षं तळ्याचं पाणी हिरवंगार होतं. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यांनी "काय सुरेख रंग आहे" असं म्हटलं, तेव्हा ते तळ्याबद्दल बोलतायत की हातातल्या हिरव्या चहाबद्दल, हे यजमानांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

एकदा सगळं पाणी उपसून तळ घासून काढा, विषय मिटला, असं फुमिएबाईंनी सुचवलं.

"छे, छे. मासे घाबरतील," तामोत्सु म्हणाले. जरा घाईनेच म्हणाले. फुमिएबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मुळ्याकडे.

मग तामोत्सुंनी वाचनालयातून एक पुस्तक आणलं. तळ्याचं पाणी झाडांकडूनच गाळून घ्यायची एक युक्ती त्यात होती. तळ्याला लागून एक उथळ हौद बांधायचा. त्यात रबराचं कापड अंथरायचं, तळाशी भोकं पाडलेली नळी ठेवायची, वर मोठे दगड आणि त्यावर बारीक खडी. मातीचा कणही नको. पंपाने तळ्यातलं पाणी नळीत ढकललं, की ते खडीतून हळूहळू वर चढतं आणि काठावरून परत तळ्यात पडतं. खडीत दलदलीतली झाडं लावायची. माशांनी पाण्यात जे जे केलेलं असतं, ते खाऊन झाडं वाढतात. झाडांनी खाल्लं की हिरव्या शेवाळाला काही उरत नाही, आणि ते उपाशी मरतं.

सप्टेंबरभर तामोत्सुंनी खणलं. खडी तीन वेळा धुतली. वेखंड लावलं, लव्हाळे लावले, आणि सगळ्यात जास्त लावली सेरी. सेरी म्हणजे कोथिंबिरीची पाण्यात राहणारी बहीण. ती वाढते भराभर आणि खाते राक्षसासारखी. महिनाभरात हौद गच्च भरला.

हे सगळं किसाबुरो आजोबा कुंपणावरून बघत होते. आजोबा वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज वीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी, तामोत्सु निवृत्त झाले तेव्हा, दारात ठेवायला म्हणून त्यांनी भाजलेल्या मातीचा एक तानुकी, म्हणजे कोल्ह्यासारख्या एका रानप्राण्याचा शुभ मानला जाणारा पुतळा, भेट दिला होता. गवती टोपी, हातात सुरई आणि घागरीएवढी ढेरी असलेला तो प्राणी बसलेल्या माणसाएवढा उंच होता. त्याच हिवाळ्यात तो दारातून नाहीसा झाला. आजोबांनी तो अपमान मनावर घेतला. गावात चोर शिरला आहे असं जाहीर करून त्यांनी गस्त सुरू केली. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला पाच-सहा म्हातारे लाकडी टिपऱ्या ठोकत वस्तीला फेरी मारत आणि शेवटी कोणाच्या तरी घरी ऊन ऊन साके, म्हणजे तांदळाची दारू, घेऊन चोराची चर्चा करत. तामोत्सुही गस्तीत होते. चोराच्या चर्चेत मात्र ते फारसं बोलत नसत.

नोव्हेंबरच्या शेवटी मंडळाचे लोक नेहमीप्रमाणे हिवाळ्याच्या तयारीला आले. झाडांना गवताच्या चटया गुंडाळल्या आणि तळ्यावर फळ्या टाकल्या. आता एप्रिलपर्यंत तळं कोणालाच दिसणार नव्हतं. उरला हौद. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: थंडीत पंप बंद करा, नळी रिकामी करा, झाडं बुडख्यापर्यंत कापून कापलेला पाला दूर टाका. नाहीतर पाला कुजून झाडांनी वर ओढलेलं सगळं पुन्हा पाण्यात उतरतं.

तामोत्सुंनी पंप बंद केला. नळी मात्र खडीखाली अशी बसली होती की तिच्यातलं पाणी काही निघेना. ते गोठलं असतं तर नळी फुटली असती. म्हणून त्यांनी अंगणातलं बर्फ वितळवायला विहिरीचं जे कोमट पाणी सोडतात, तेच नळीत सोडलं. राहता राहिली सेरी. ती कापायला रोज विळा घेऊन ते बाहेर जात आणि रोज तसेच परत येत.

"काय झालं?" फुमिएबाई विचारत.

"अजून वाढतेय गं. वाढत्या झाडावर विळा कसा चालवायचा?"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बर्फ असं पडलं की खालच्या मजल्याच्या खिडक्या बुजल्या. घाटातला रस्ता बंद झाला आणि दुकानात भाजीची गाडी आली नाही. सहा तारखेला सकाळी दुकानात मुळे, बटाटे आणि दुकानदार एवढंच शिल्लक होतं. आणि सात तारखेला तर सात हिरव्या पाल्यांची पेज खायची असते. वर्षभराचं आरोग्य त्या पेजेत असतं, आणि सात पाल्यांत पहिली सेरी.

बाकीचे सहा नसले तरी चालतात. निदान सेरी हवी, असं किसाबुरो आजोबांचं मत होतं. ते छपरावरचं बर्फ ओढायला शिडीवर चढले, तेव्हा त्यांना पांढऱ्याशुभ्र गावात एकच हिरवा चौकोन दिसला. त्यातून वाफ येत होती.

दहा मिनिटांत आजोबा दारात हजर. "तामोत्सु, चार काड्या दे बाबा. म्हातारी ऐकत नाही."

तामोत्सु प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "आजोबा, ही देण्यासारखी नाही हो. घाणीत वाढलीय."

आता आमच्याकडे कोणी खरबूज भेट दिलं तरी 'अगदीच क्षुल्लक आहे' असं म्हणून देतं आणि केकसुद्धा 'तुमच्या तोंडाला चव लागणार नाही' असं बजावून पुढे करतं. आजोबांनी मान डोलावली. "शोभतं हो तुला असं बोलणं. चार काड्याच घेतो."

"नाही, खरंच. माशांची घाण खाऊन वाढलीय. उन्हाळाभराची."

"बघ, किती नम्र आहे," आजोबा फुमिएबाईंना म्हणाले आणि त्यांनी पसाभर कापली.

दुपारपर्यंत बर्फातून हौदाकडे पायवाट पडली. शेजारणी आल्या, शेजारणींच्या जावा आल्या. शिंपीणबाई टोपली घेऊनच आल्या. तामोत्सु प्रत्येकीला खरं ते सांगत होते, आणि जितकं जास्त सांगावं तितकी त्यांची कीर्ती वाढत होती. आपल्या मालाला इतकं वाईट म्हणणारा माणूस म्हणजे माल किती उत्तम असणार, असा हिशेब होता. शेवटी त्यांनी पुस्तकच आणून हौदाचं चित्र दाखवलं. ते बघून शिंपीणबाईंचे डोळे पाणावले. चार काड्यांसाठी एवढा अभ्यास केलाय यांनी, असं त्या म्हणाल्या.

फुकट मात्र कोणी नेलं नाही. घेतल्यावर परतभेट ही आलीच. संध्याकाळपर्यंत ओसरीवर चिकट तांदळाच्या मोचीच्या वड्या, लोणच्याचे मुळे, वाळवलेली पर्सिमनची फळं आणि साकेच्या बाटल्या यांचा ढीग झाला. ही परतभेट सेरीच्या मानाने फारच मोठी होती, म्हणून फुमिएबाईंना परतभेटींची परतभेट द्यावी लागली. ती मिळाल्यावर लोकांना आपण कमी पडलो असं वाटलं. तीच एक मोचीची पेटी आठवडाभर वस्तीत फिरत राहिली आणि तेरा तारखेला दुसऱ्यांदा कुवाबारांच्या घरी आली.

सात तारखेला सकाळी सगळ्या वस्तीने पेज खाल्ली. अशी चव कधी लागली नव्हती, असं एकमताने ठरलं. किसाबुरो आजोबांना तर त्यात डोंगरातल्या झऱ्याची गोडी जाणवली. कुवाबारांनीही पेज खाल्ली. तामोत्सुंनी डोळे मिटून खाल्ली.

हौद मात्र टकला झाला होता. खडीतून बोटभर बुडखे तेवढे वर आले होते. वाढती सेरी अशी कापल्यावर ती पुन्हा फुटणार नाही, असं तामोत्सुंनी वरच्या खिडकीतून ते पाहून धरून टाकलं, आणि त्यांना तळ्याच्या जागी शेड दिसू लागली. तीन महिने त्यांना नीट झोप लागली नाही. फुमिएबाईंनी शेडसाठी पत्र्याचे नमुने मागवले आणि टेबलावर त्यांच्या समोरच ठेवले.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मंडळाचे लोक फळ्या काढायला आले. हौदात बुडख्यांतून कोवळे फुटवे दाटीने वर आले होते. पुस्तकाने सांगितलेली कापणी गावाने पुस्तकापेक्षा चोख केली होती, आणि कापलेला पाला जितका दूर जायला हवा तितका गेला होता. पहिली फळी निघाली. दुसरी निघाली. लोक वाकले, आणि तिसऱ्या फळीला कोणी हात लावला नाही.

पाणी जवळजवळ नव्हतंच म्हणा ना. चारही मासे हवेत तरंगल्यासारखे उभे होते. आणि चार फूट खाली, तळावर, गवती टोपी घालून, सुरई हातात धरून, ढेरी पुढे काढून तानुकी बसला होता. तो वर बघून हसत होता.

तीन हिवाळ्यांपूर्वी, फळ्या टाकायच्या आधीच पडलेलं पहिलं बर्फ ढकलताना तामोत्सुंचं फावडं त्याला लागलं होतं आणि तो घरंगळत तळ्यात गेला होता. आजोबांना काय सांगावं हे सुचेपर्यंत आजोबांनी चोर जाहीरसुद्धा केला होता. पुढे तामोत्सुंनी दोनदा कुदळीने त्याला ओढून पाहिलं. मग चिखलाने त्याला कधीच गिळलं असेल अशी स्वतःची समजूत घातली.

किसाबुरो आजोबा बराच वेळ बघत राहिले. चोर नाही, म्हणजे गस्त नाही. गस्त नाही, म्हणजे संध्याकाळी सातला म्हातारीसमोर टीव्ही. गस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर तोच टीव्ही दिसत होता.

"पाणी जरा गढूळच आहे," आजोबा सावकाश म्हणाले. "मला तरी तळ दिसत नाही."

"मलाही नाही," मागून दोघे म्हणाले.

"असं?" फुमिएबाई म्हणाल्या. "मग पत्रेवाल्याला फोन करते."

तामोत्सुंनी वडिलांच्या माशांकडे पाहिलं. मग ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कपाळ ओल्या जमिनीला टेकवलं. "पाणी स्वच्छ आहे. तळ दिसतोय. तो आजोबांचा तानुकी आहे. चोर नव्हताच. माझ्याच हातून तो पडला आणि मी बोललो नाही."

मग आजोबांनी वाकून त्यांना उठवलं. आजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ऐकलंत? याला म्हणतात माणूस. चोर कोण हे याला ठाऊक आहे, पण त्याला उघडं पाडवत नाही, म्हणून स्वतःवर घेतोय."

"अहो आजोबा, खरंच मी..."

"तुझ्या सेरीसारखंच आहे तुझं. तुझं कधी काही चांगलं असतंच का?" मग आजोबा सगळ्यांकडे वळले. "तीन वर्षं आपण टिपऱ्या ठोकल्या, म्हणून चोर भ्याला आणि माल गुपचूप परत टाकून गेला. आता ढिलाई केली तर पुन्हा येईल. गस्त वाढवायला हवी."

म्हाताऱ्यांनी जोरात माना हलवल्या. तळ दिसला हे मग सर्वांनीच मान्य केलं.

लोक गेल्यावर तामोत्सु काठावरच बसून राहिले. फुमिएबाई चहा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या.

"तुझा तरी विश्वास बसला ना?" तामोत्सुंनी विचारलं.

"मला विश्वास कशाला ठेवावा लागतोय?" फुमिएबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघराची खिडकी इकडेच उघडते. तुम्ही पाडलात तेव्हा मी भांडी घासत होते."

तामोत्सुंनी कप खाली ठेवला. "मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. शेवटी म्हटलं, पाण्यालाच बोलू द्यावं." त्यांनी पत्र्याचे नमुने तामोत्सुंच्या हातात दिले. "हे परत पाठवून द्या. आणि सातला टिपऱ्या घेऊन वेळेवर निघा. आज चोराची चर्चा आपल्याकडे आहे."